वाकडा कॅनाल, अरुंद कॅनाल आणि फाईल निवडतानाची गल्लत

खालच्या पहिल्या दाढेचं मेसिअल, म्हणजे पुढच्या बाजूचं, मूळ एक्स-रेत विळ्यासारखं वळलेलं दिसलं, की डॉक्टरांच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि खाली प्रश्न येतो, "कोणती रोटरी लावू?" म्हणजे रूट कॅनालसाठी मोटरवर फिरणारी कोणती फाईल. उत्तरंही धडाधड येतात. ज्याच्या कपाटात जी कंपनी, त्याचं तेच नाव. दातातली अडचण नेमकी कोणती, हे मात्र कोणी विचारत नाही. कॅनाल, म्हणजे मुळातली नस असलेली नळी, वाकडा आहे, अरुंद आहे, की दोन्ही? वाकड्या कॅनालमध्ये जी फाईल, म्हणजे नळी घासून रुंद करणारी बारीक सळई, उत्तम चालते, तीच अरुंद कॅनालमध्ये हमखास दगा देते.

आपल्याकडे, म्हणजे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत, या दोन्ही अडचणी बहुधा एकाच दातात येतात. वर्षानुवर्षं खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, चघळून दाढांचे कस्प, म्हणजे वरचे उंचवटे, सपाट झालेले असतात. वरून झीज होते तसतसा आत पल्प, म्हणजे दाताची नस, मागे सरतो, नवं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, चढत जातं, चेंबरचं, म्हणजे दातातल्या पोकळीचं, छत तळाला टेकतं आणि कॅनाल दोऱ्याएवढा उरतो. शिवाय पेशंट येतो तो सोयाबीन निघाल्यावर किंवा कापसाची वेचणी आटोपल्यावर. तोवर दात दुखदुखून गप्प झालेला असतो. कंपनीच्या व्हिडिओतला रुंद, ताज्या पल्पचा, सुबक वळणाचा दात पुसद-दारव्ह्याकडच्या ओपीडीत क्वचितच दिसतो. त्यामुळे त्या व्हिडिओतला क्रम जसाच्या तसा उचलला, की फाईल तुटते.

वळण किती, हे आधी मोजून घ्या. श्नायडरची १९७१ची पद्धत आजही पुरते. कॅनालच्या तोंडापासून त्याच्या सरळ भागावरून एक रेघ ओढायची. कॅनाल ती रेघ जिथे सोडतो तिथून एपिकल फोरामेनपर्यंत, म्हणजे मुळाच्या टोकाच्या छिद्रापर्यंत, दुसरी रेघ. दोन रेघांमधला लहान कोन म्हणजे वळण. ५ अंशांपर्यंत सरळ, १० ते २० मध्यम, २५च्या वर तीव्र. पण कोन सगळं सांगत नाही. प्रुएट आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्रिज्येचा मुद्दा मांडला. ४० अंशांचं वळण १० मिमीत हळूहळू घेतलेलं असेल, तर फाईलला फारसा त्रास होत नाही. तेच वळण शेवटच्या ३ मिमीत एकदम असेल, तर फाईल त्याच एका जागी दुमडत-उलगडत राहते आणि तिथेच तुटते. आरव्हीजीवर, म्हणजे डिजिटल एक्स-रेवर, कोन सारखाच दिसणारे दोन दात म्हणूनच सारखे नसतात. एकदम मोडणारं वळण दिसलं, की पेशंटला आधीच कल्पना द्या.

एक्स-रेत दिसतं ते फक्त पुढेमागे गेलेलं वळण. गालाकडे किंवा जिभेकडे झुकलेलं वळण फिल्मवर सरळच दिसतं. ट्यूब मेसिअल बाजूने २० अंश तिरकी करून दुसरा एक्स-रे घेतला तर थोडा अंदाज येतो. त्याहून चांगला पुरावा फुकट मिळतो. १० नंबरची स्टीलची फाईल पूर्ण लांबीपर्यंत जाऊन बाहेर आली, की ती पुसण्याआधी प्रकाशात आडवी धरा आणि मूठ बोटांत हळूहळू फिरवून बघा. स्टील कॅनालचा आकार थोडाफार घेऊन येतं. शेवटचे २-३ मिमी कोणत्या बाजूला झुकलेत ते दिसतं. स्टॉपरची, म्हणजे फाईलवरच्या लांबी धरणाऱ्या रबरी चकतीची, खूण गालाच्या बाजूला ठेवून फाईल आत घातली असेल, तर दिशाही कळते. वरच्या दाढेच्या पॅलेटल, म्हणजे टाळूकडच्या, मुळाचं टोक पुष्कळदा गालाकडे वळलेलं असतं, आणि साध्या एक्स-रेत त्याचा पत्ताही लागत नाही.

आता थोडं गणित. सगळी तुलना शेवटी त्याच्यावरच येते. स्थिर टेपरची, म्हणजे टोकाकडून वर दर मिलिमीटरला सारखीच जाड होत जाणारी, २५ नंबरची फाईल घ्या. टोकाला ती ०.२५ मिमी. टोकापासून ४ मिमी वर, म्हणजे नेमकी वळणाच्या जागी, २ टक्के टेपरची फाईल ०.३३ मिमी होते, ४ टक्क्यांची ०.४१ आणि ६ टक्क्यांची ०.४९. आकडे किरकोळ वाटतात, पण तारेचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे त्या जागी ६ टक्क्यांची फाईल ४ टक्क्यांच्या फाईलपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ, आणि २ टक्क्यांच्या फाईलपेक्षा पाचपट. फाईलचा छेद गोल नसतो, त्यामुळे हे ढोबळ गणित आहे. तरी धातू तोच असेल तर टेपर बदलल्याने फाईल बदलते, हे त्यातून कळतं. एकाच कंपनीची, एकाच रंगाची फाईल ४ टक्क्यांत सुखरूप जाते आणि ६ टक्क्यांत लेज, म्हणजे भिंतीत पायरी, पाडते. दोष कंपनीला जातो. डबीवरचा टेपर वाचायचं काम आपलं.

स्टीलच्या के-फाईलला हल्ली जुनाट समजतात. अरुंद कॅनालमध्ये तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. कारण साधं आहे. टोकाला हलका दाब दिला तर स्टील पुढे सरकतं, मऊ निकेल-टायटॅनियम तिथेच वाकून बसतं. ६ गुलाबी, ८ राखाडी, १० जांभळी. या तीन फायली पाकीट भरून हव्यात आणि त्या वापरून टाकायच्या हव्यात. ८ नंबरची फाईल धुऊन, ऑटोक्लेव्ह करून पुढच्या पेशंटला लावण्यात कसली बचत? स्टीलचं आख्खं पाकीट एका चांगल्या रोटरी फाईलपेक्षा स्वस्त पडतं. चुन्यासारख्या बंद कॅनालसाठी मिळणाऱ्या ताठ सी-फायली वळणाच्या वरच्या सरळ भागापुरत्या ठेवा. वळणावर त्या सरळ बाहेरच्या भिंतीत घुसतात.

स्टील वळणावर न्यायचं तर आधी बाक द्यायचा. शेवटच्या ३ मिमीला हळुवार बाक, कोन नको. दात्यांच्या चिमट्याने वाकवलं तर धार चेपते. निर्जंतुक गॉजची घडी बोटात घेऊन फाईल तिच्यावरून ओढावी. स्टॉपरची खूण बाकाच्या दिशेला, म्हणजे फाईल आत गेल्यावरही टोक कुठे बघतंय ते कळतं. हालचाल घड्याळाला चावी दिल्यासारखी, दोन्हीकडे ३० अंश, मग १ मिमी ओढ. बाक दिलेली फाईल पूर्ण गोल फिरवू नका. ती कॅनालचा शेवट भोवऱ्यासारखा रुंद करते.

स्टीलची दुसरी खोड म्हणजे नंबरांमधल्या उड्या. १० वरून १५ म्हणजे टोकाची जाडी एकदम ५० टक्के जास्त. १५ वरून २० म्हणजे ३३ टक्के, २० वरून २५ म्हणजे २५ टक्के. सगळ्यात मोठी उडी नेमकी कॅनाल सगळ्यात नाजूक असताना येते. १५ नंबर लांबीपर्यंत जात नाही म्हणून जोर लावला, की लेज पडलाच. मधला १२ नंबर मिळतो, पण तालुक्याच्या डेपोत तो असेलच असं नाही. जुना उपाय असा की १० नंबरच्या फाईलचं टोक बरोबर १ मिमी कापायचं. २ टक्के टेपरमुळे नवं टोक ०.१२ मिमीचं होतं. कापलेली कड खरबरीत असते, ती बारीक डायमंड पट्टीवर घासून गोल करायची आणि स्टॉपर नव्याने मोजून लावायचा. ही शेवटची पायरी विसरली तर लांबी १ मिमीने चुकते.

हाताने पुढे जायचं असेल तर रोनने १९८५ साली मांडलेली बॅलन्स्ड फोर्स पद्धत शिकून ठेवा. लाईट गेली, मोटर बंद पडली, तरी पेशंटला एसटीने परत पाठवावं लागत नाही. बोथट टोकाची, त्रिकोणी छेदाची लवचीक स्टील फाईल घ्यायची, बाक द्यायचा नाही. दाब न देता उजवीकडे पाव फेरा, म्हणजे धार डेंटिनमध्ये रुतते. मग खाली हलका दाब धरून डावीकडे अर्धा फेरा किंवा थोडा जास्त. या वेळी डेंटिन कापल्याचा बारीक कट्ट आवाज बोटांना जाणवतो. शेवटी उजवीकडे फिरवत बाहेर, म्हणजे भुसा धारेत भरून येतो. डावीकडे फिरवताना दाब सोडला, तर फाईल स्क्रूसारखी वर येते आणि काहीच कापलं जात नाही. शिकाऊ हाताची नेहमीची चूक हीच.

निकेल-टायटॅनियम एंडोमध्ये, म्हणजे रूट कॅनालच्या कामात, आलं ते ऑर्थोच्या, म्हणजे दात सरळ करण्याच्या, आर्च वायरमधून. वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी १९८८ साली त्या तारेतून १५ नंबरच्या फायली बनवून पाहिल्या. वाकण्यात आणि पिळ खाण्यात त्या स्टीलच्या दोन-तीनपट लवचीक निघाल्या. त्यानंतर बाजारात जे जे आलं, त्यात आकार बदलले, छेद बदलले. खरा फरक मात्र धातूला दिलेल्या उष्णतेने पडला.

हा फरक टेबलावर पाहता येतो. ट्रेवर तीन फायली घ्या: २५ नंबरची स्टील, जुन्या पद्धतीची निकेल-टायटॅनियम, आणि उष्णता दिलेली, म्हणजे हायफ्लेक्स सीएमसारखी. तिन्हींचं टोक गॉजने धरून अर्धवर्तुळात वाकवा आणि सोडा. स्टील वाकायला जोर घेतं आणि वाकलेलंच राहतं. जुनी निकेल-टायटॅनियम सहज वाकते आणि सोडल्यावर टणकन सरळ होते. ही सरळ व्हायची ओढ ती कॅनालमध्येही सोडत नाही, म्हणूनच वळणाच्या बाहेरची भिंत जास्त कापते. तिसरी सहज वाकते आणि वाकलेलीच पडून राहते. नव्या पोरांना ती "मेलेली" वाटते. कॅनालमध्ये हाच मेलेपणा कामाचा, कारण ती भिंतीवर सरळ व्हायचा जोर टाकत नाही.

प्रोटेपर युनिव्हर्सल आणि प्रोटेपर गोल्ड यांची तुलना म्हणून फार उद्बोधक आहे. आकार, टेपर, क्रम सगळं तेच: एसएक्स, एस१, एस२, मग एफ१ २० नंबर, एफ२ २५ नंबर, एफ३ ३० नंबर. बदलली आहे ती फक्त धातूची अवस्था. एफ२चा टेपर टोकाच्या ३ मिमीत ८ टक्के आहे. युनिव्हर्सलची एफ२ तीव्र वळणात न्यायची माझी तरी शिफारस नाही, आणि एफ३ तर नाहीच. गोल्डची एफ२ मध्यम वळणात छान जाते. तरीही ८ टक्के ते ८ टक्केच. खालच्या दाढेच्या मेसिअल मुळाची फर्केशनकडची, म्हणजे मुळांच्या फाट्याकडची, भिंत आधीच पातळ, तिथे एवढं डेंटिन उडवायचं कारण काय? एस१, एस२ने ब्रश करायचं ते नेहमी फर्केशनपासून दूर, बाहेरच्या भिंतीवर आणि बाहेर येताना. अबू-रास आणि सहकाऱ्यांनी १९८० साली हाताच्या फायलींसाठी सांगितलेली अँटीकर्व्हेचरची, म्हणजे वळणाच्या उलट बाजूने घासण्याची, दिशा रोटरीलाही तशीच लागू आहे.

मागेपुढे फिरणाऱ्या, म्हणजे रेसिप्रोकेटिंग फायलींची कल्पना यारेदने २००८ साली प्रोटेपरच्या एकाच एफ२वर करून दाखवली. त्यातूनच वेव्हवन आणि रेसिप्रॉक आल्या. या डावीकडे १५० अंश कापतात, उजवीकडे ३० अंश सुटतात, तीन वेळात एक फेरा पूर्ण होतो. धातू पूर्ण पिळला जायच्या आत सुटतो, म्हणून त्या पिळून कमी तुटतात. वेव्हवन गोल्डची प्रायमरी २५ नंबर, ७ टक्के. रेसिप्रॉकची आर२५ २५ नंबर, ८ टक्के. एका फाईलमध्ये काम होतं, हे ज्याला पेशंट परत येईल याची खात्री नाही त्याला मोलाचं वाटणारच. माझी तक्रार दोन गोष्टींवर आहे. एक, टेपर जाडच आहे. दोन, "एक फाईल" ऐकून लोक ग्लाइड पाथ, म्हणजे बारीक फायलींनी आधी करायची मोकळी वाट, गाळतात. फाईल अडली की दाबतात आणि भुसा एपेक्सच्या, म्हणजे मुळाच्या टोकाच्या, पलीकडे जातो. रात्री दाढ ठणकते, मग सकाळी पेशंट "काढूनच टाका न जी" म्हणत दारात. तीन वेळा १-२ मिमी टोचून फाईल बाहेर काढली, पुसली, कॅनाल धुतला, तर हे टळतं. आणखी एक: या फायलींची धार उलटी असते. मोटर आधीच्या पेशंटच्या साध्या रोटेशनवर राहिली असेल तर त्या कापत नाहीत, नुसत्या घासतात. फाईल लावण्याआधी पडद्यावरचा मोड वाचायची सवय लावा.

आता तुटण्याबद्दल. फाईल दोन कारणांनी तुटते आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. टोक अरुंद जागी अडकलं आणि मागचा भाग फिरत राहिला, तर ती पिळून तुटते. वळणात फिरताना एकच जागा आलटून पालटून ताणली-दाबली गेली, तर ती थकून तुटते. सत्तपन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रॅक्टिसमध्ये तुटलेल्या रोटरी फायली तपासल्या. ५५.७ टक्के पिळून तुटल्या होत्या, ४४.३ टक्के थकून. हातात उरलेला तुकडा लूपखाली बघा. तुटलेल्या जागेजवळ पेड, म्हणजे फाईलच्या पिळाचे वेटोळे, उसवलेले किंवा उलटे वळलेले दिसले तर ती पिळून गेली. म्हणजे ग्लाइड पाथ कमी पडला किंवा दाब जास्त झाला. तुकडा स्वच्छ, पेड शाबूत, तर ती थकून गेली. म्हणजे फाईल जुनी होती, किंवा वळणात एका जागी फिरत ठेवली होती. थकणारी फाईल आधी काही खूण देत नाही, म्हणून "बघून तर चांगली दिसते" हा निकष तिथे चालत नाही.

उष्णता दिलेली मऊ फाईल थकायला फार वेळ घेते, पण पिळ सोसायला ती कमकुवत. म्हणून वाकड्या पण मोकळ्या कॅनालची ती राणी आहे, आणि अरुंद कॅनालमध्ये पहिल्या दोन टोचण्यांत तिचे पेड उलगडतात. लोक म्हणतात, फाईल बोगस निघाली. बोगस नव्हती, तिला वाट करून दिली नव्हती.

तर वाकड्या आणि अरुंद, दोन्ही असलेल्या दाढेसाठी मला पटलेला क्रम असा. ॲक्सेस करताना, म्हणजे दात वरून उघडताना, मेसिअल कॅनालच्या तोंडावरचं डेंटिनचं छज्जासारखं टोक काढा, म्हणजे फाईल दोनदा वाकत नाही. ८ किंवा १० नंबर दोन-तृतीयांश लांबीपर्यंत न्या. ओरिफिस ओपनर, म्हणजे कॅनालचं तोंड रुंद करणारी फाईल, फक्त वळण सुरू होतं तिथवर, त्याच्या पलीकडे अजिबात नाही. मग कॅनाल हायपोने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने, भरून १० नंबर लांबीपर्यंत, ॲपेक्स लोकेटरवर, म्हणजे मुळाचं टोक कुठे ते दाखवणाऱ्या यंत्रावर. वरचा भाग मोकळा झाल्यावर फाईलची वाट सरळ होते आणि वर्किंग लेंथ, म्हणजे फाईल आत न्यायची लांबी, अर्धा-एक मिमी कमी भरते. सुरुवातीला घेतलेली लेंथ धरून बसलात तर शेवटी एपेक्सच्या बाहेर जाल. म्हणून लेंथ दोनदा घ्या.

१० नंबर लांबीवर आली म्हणजे ग्लाइड पाथ झाला असं नाही. ती लांबीवर ठेवून आधी १ मिमी वर-खाली, मग २, मग ३-४ मिमी. बोटाच्या नुसत्या टोकाने ढकलल्यावर सरकायला लागली, की वाट मोकळी. त्यानंतर बाक दिलेली १५ नंबर, किंवा ती अडत असेल तर रोटरी ग्लाइड पाथ फाईल. पाथफाईलचे १३, १६, १९ असे बारीक टप्पे आहेत, २ टक्के टेपर, ३०० आरपीएम. स्टीलच्या १० ते १५च्या उडीवरचा हा चांगला उतारा आहे. मग उष्णता दिलेली २० नंबर ४ टक्के आणि २५ नंबर ४ टक्के. हायफ्लेक्स सीएम असेल तर ५०० आरपीएम आणि २.५ एनसीएम टॉर्क. दुसरी कंपनी असेल तर तिच्या पाकिटावरचा आकडा. एका ब्रँडचा आकडा दुसऱ्याला लावू नये. तीन टोचण्या, बाहेर, पुसा, २ मिली हायपो, १० नंबरने पेटन्सी, म्हणजे टोक उघडं असल्याची खात्री, पुन्हा तीन. लांबीवर पोचल्यावर फाईल तिथे फिरत ठेवू नका, टेकली की बाहेर. २५ नंबरच्या टोकाकडच्या पेडांत पांढरा भुसा भरून आला, तर शेवटी डेंटिन कापलं गेलंय. टोक कोरडं-मोकळं आलं तर ३० नंबर ४ टक्के. टेपर ६ करण्यापेक्षा नंबर ३० करणं मला नेहमीच बरं वाटतं. ३० गेजची बाजूला छिद्र असलेली सुई तेवढ्याने एपेक्सच्या २ मिमी अलीकडे पोचते, आणि वळणाच्या जागचं डेंटिन वाचतं.

काय बिघडतंय ते बोटांना आणि पेपर पॉइंटला, म्हणजे कॅनाल टिपायच्या कागदी काडीला, आधी कळतं. अरुंद कॅनालमध्ये फाईल चिकटते, ओढताना तिला पकड जाणवते. लेजवर फाईल दगडावर टेकल्यासारखी खट्ट थांबते आणि सहज सुटते. चिकटत असेल तर ८ नंबर, ईडीटीए जेल, म्हणजे डेंटिन मऊ करणारं जेल, आणि वेळ. खट्ट लागत असेल तर मोटर बाजूला ठेवा. ८ किंवा १० नंबरच्या फक्त शेवटच्या १-२ मिमीला जास्त बाक द्या, खूण वळणाच्या आतल्या बाजूला धरून थोडी थोडी दिशा बदलत शोधा. वाट सापडली की फाईल बाहेर न काढता १-१ मिमीने घोळवत राहा. बाहेर काढली तर पुन्हा सापडेलच याची खात्री नाही. पेपर पॉइंटच्या टोकाला रक्त असेल तर लांबी जास्त झाली. टोक कोरडं आणि मध्येच एका बाजूला लाल रेघ असेल, तर फर्केशनकडची भिंत फाटली असल्याचा संशय धरा.

खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडाचा प्रश्न वेगळाच. सबम्युकस फायब्रोसिसमुळे, म्हणजे तोंड आखडण्याच्या आजारामुळे, दोन बोटंही जात नाहीत आणि त्यात दुसरी दाढ. २५ मिमीची फाईल हँडपीससकट आत शिरतच नाही. २१ मिमीच्याच फायली मागवा, लहान डोक्याचा हँडपीस घ्या. इथे वाकलेली राहणारी फाईल दुसऱ्यांदा उपयोगी पडते: तिला आधीच बाक देऊन हाताने कॅनालच्या तोंडात बसवता येते, मग हँडपीस जोडायचा. सरळ उसळणारी फाईल तशी बसत नाही. दाढेला नंतर क्राऊन करायचाच आहे, तर ऑक्लुजल, म्हणजे चावायचा, पृष्ठभाग सुरुवातीलाच १.५ मिमी उतरवून घ्या, तेवढी जागा मिळते. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबरी पडदा, चढत नसेल तर हाताच्या फाईलच्या मुठीला फ्लॉस बांधल्याशिवाय ती तोंडात नेऊ नका. अशा तोंडात हातातून सुटलेली फाईल सापडत नाही, गिळली जाते.

आपल्या उन्हाळ्याचंही थोडं बघावं लागतं. हायपो उष्णतेत आणि उजेडात लवकर मरतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या अर्ध्या बाटलीत ३ टक्के लिहिलेलं असतं, असतंच असं नाही. लहान, गडद बाटल्या घ्या, थंड जागी ठेवा, फोडल्याची तारीख लिहा. फायली हायपोत भिजत ठेवू नका, धातू गंजून खड्डे पडतात. मऊ फायली थंड खोलीत जास्त मऊ लागतात आणि तोंडाच्या तापमानाला थोड्या ताठ होतात. एसीत हाताळून अंदाज बांधणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मे महिन्यात कूलर बंद असलेल्या क्लिनिकात तो फरक उरतच नाही म्हणा.

किती वेळा वापरावी? वेव्हवन, रेसिप्रॉक एकदाच वापरायच्या म्हणून विकल्या जातात. पुष्कळ ठिकाणी त्या पुन्हा फिरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझा नियम सोपा आहे: २५ अंशांच्या वरच्या वळणात गेलेली फाईल त्या दाढेबरोबर संपली. सरळ मुळांत वापरलेली पुढे चालते, पण स्टॉपरवर दरवेळी एक खाच पाडून हिशेब ठेवायचा. उष्णता दिलेल्या फाईलचे पेड उलगडलेले असतील तर ती ऑटोक्लेव्हमधून काढा. आकार परत आला तर चालते, नाही आला तर टाका.

आणि काही दाढा पुढे पाठवायच्याच असतात. एस आकाराचं दुहेरी वळण, शेवटच्या ३ मिमीतला मोड, अर्ध्या तासात ८ नंबरही पुढे न जाणं. एटापल्लीहून नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगीला जायचं म्हणजे पेशंटचा एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून पाठवताना नुसतं "रेफर्ड" लिहू नका. कोणत्या कॅनालमध्ये कोणता नंबर किती मिमीपर्यंत गेला, लांबी कुठल्या कस्पपासून धरली, फाईल चिकटत होती की खट्ट थांबत होती, तुकडा आत आहे का आणि किती मिमीचा, हे चिठ्ठीवर लिहा. कॅनालमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरा, वर निदान ३-४ मिमी जाडीचं पक्कं सील करा, आणि आरव्हीजीचा फोटो पेशंटच्या मोबाईलवर टाकून द्या.